बँड आला की मी खिडकी लावते

लग्न होऊन जळगावात आले त्याला महिनाही झाला नसेल, तेव्हा मी एका मयताला नवरदेव कुठे आहे असं विचारलं. मयताला म्हणजे मयताबरोबर चाललेल्या लोकांना. पण आमच्या घरात ही गोष्ट सांगताना सगळे "मयतालाच विचारलं" असं सांगतात आणि मीही आता तसंच सांगते. ऐकायला बरं वाटतं.

झालं असं की मी स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होते आणि लांबून बँड ऐकू आला. दोंडाईच्याजवळच्या आमच्या खेड्यात बँड यायचा तो लग्नालाच, तोही धुळ्याहून बोलावलेला. बँड ऐकू आला की हातातलं टाकून पळायचं हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की तव्यावर भाकरी आहे, डोक्यावर पदर नाही, हे सासरचं घर आहे, यातलं काही म्हणता काही आठवलं नाही. गॅलरीत गेले. खाली गुलाल उधळत लोक चाललेले. पुढे बँड, आणि त्यातला क्लॅरिनेटवाला असा काही रंगलेला की मी कठड्यावरून अर्धी खाली वाकले. सासूबाईंनी देवासाठी परडीत मोगरा काढून ठेवला होता. तो उचलला आणि दिला सगळा खाली टाकून. वर पिठाचा हात हलवत ओरडले, "ओ भाऊ, नवरदेव कोठे शे?"

बँड थांबला नाही, पण माणसं थांबली. सगळ्यांनी वर पाहिलं. टोपीवाल्या एका म्हाताऱ्यानं मागे बोट दाखवलं. मागे फुलांनी सजवलेली तिरडी होती.

"अवं बाई, मयत हाये ते!" सासूबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. "पणतू पाहून गेलेला माणूस हाये!"

तेव्हा मला कळलं की इकडे काही घरांत म्हातारं माणूस पणतवंडाचं तोंड पाहून गेलं तर त्याला रडत नेत नाहीत, वाजवत नेतात. आमच्या गावी असलं काही नव्हतं. सासूबाई मला दोन दिवसांनी त्या घरी द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, घेऊन गेल्या, हनुवटीपर्यंत पदर ओढून. गेलेल्या आजोबांची बायको दाराशी भिंतीला टेकून बसली होती. सासूबाईंनी हात जोडून माझा गुन्हा सांगितला. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "फुलं चांगली टाकली पोरीनं." मला एवढंच कळलं की सुटले. बाहेर आल्यावर मला हसूसुद्धा आलं. अशी शहाणी होते मी.

ह्यांना तर हे सासूबाईंनी तक्रार म्हणून सांगितलं होतं. ह्यांच्या तोंडात चहा होता, तो नाकातून बाहेर आला. डोळे पुसत मला विचारलं, "मग काय म्हणाले नवरदेव?"

तर बँडसाठी वरात आणि मयत यांतला फरक न कळणारी ती बाई आज काय करते? मंगल कार्यालयाकडे जाणारी वरात चौकात आली की उठते आणि खिडकी लावून घेते. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, पंखा नुसती गरम हवा फेकत असताना. सून विचारते, "आई, झळ लागतेय का?" मी हो म्हणते.

मला नेमकं काय आवडायचं ते आधी सांगते. ढोल काय, कोणालाही आवडतो, त्याला कान लागत नाहीत. माझा जीव क्लॅरिनेटवर. आम्ही पोरी तिला काळी सनई म्हणायचो. सगळी पितळी वाद्यं एका दमात ओरडत असायची आणि त्यांच्यातून ती वर निघायची, बाजाराच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या चपळ बाईसारखी. लांबून पहिल्यांदा ऐकू यायची ती तीच. मग वारा फिरला की नाहीशी व्हायची. मग परत, जरा जवळ. बँड अजून दिसत नाही पण येतोय, हा जो वेळ असायचा ना, तो मला समोर उभ्या राहिलेल्या बँडपेक्षाही आवडायचा.

माझ्या स्वतःच्या लग्नात तर मी कहर केला. नवरीनं वरात बघायची नसते, हळदीच्या अंगानं आत बसून राहायचं असतं. मी मागच्या शिडीनं धाब्यावर चढले. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. त्यावर जपून पाय टाकावा लागतो. वरात पाराजवळ आली, क्लॅरिनेटवाल्यानं एक चाल धरली, मी ऐकता ऐकता पुढे सरकले, आणि माझा एक पाय छपरातून खाली गेला, गुडघ्यापर्यंत. खालच्या खोलीत बायका रुखवत मांडत होत्या. आधी सांजोऱ्यांवर माती पडली आणि मग वरून पैंजण घातलेला पाय आला. माझी आई खालून ओरडली, "हाई पोर शे का माकड शे?"

पाय सोडवेपर्यंत वरात दारात आली. नवरदेव काही मी पाहिला नाही. पाहिला तो क्लॅरिनेटवाला: टक्कल पडलेला, गालांचे फुगे झालेले, डोळे मिटलेले. लग्नानंतर ह्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "वरून मी कसा दिसत होतो?" मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "तुम्ही नाही दिसलात. बँड पुढे होता." ते मग जन्मभर ऐकलं. वाद डाळीतल्या मिठावरून असो नाहीतर मुलाच्या शाळेवरून, शेवट ठरलेला, "तुला त्या क्लॅरिनेटवाल्याच्याच घरी द्यायला पाहिजे होतं."

ती चाल कोणती ते मी इथे लिहीत नाही. त्या वेळच्या एका सिनेमातली होती एवढंच. नाव लिहिलं तर तुम्ही गुणगुणाल.

हे दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. नंतर आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. दोरीवर साडी वाळत घातली की तिच्यावर बारीक राख बसायची आणि पांढरं काही घालायची सोय नव्हती. ह्यांना गाण्यातलं काडीचं कळत नसे. राष्ट्रगीत सुरू झालंय हे शेजारचा उभा राहिला की कळायचं. पण लग्नसराईत ड्यूटीवरून आले की स्कूटर बंदच करायचे नाहीत. फाटकातूनच ओरडायचे, "चल, वरणगावच्या रस्त्याला वरात दिसलीय!" मी पोरांना शेजारणीकडे टाकायची आणि साडी सारखी करत मागे बसायची. परक्यांच्या वराती, ना ओळख ना पाळख. रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करायची, मी ऐकायची, आणि हे बँडकडे पाठ करून केळीच्या ट्रकवाल्यांशी गप्पा मारायचे.

एकदा बोदवडजवळ आम्हाला मुलाकडचे समजून लोकांनी हाताला धरून पंगतीत बसवलं. मी पदर ओढून बसले. ह्यांनी निवांत वरण-बट्टी खाल्ली, आणि वाढणाऱ्याला वर सांगितलं की वांग्याच्या भाजीत तिखट जरा कमी आहे.

घरी परतताना मागे न बघता विचारायचे, "झालं का पोट भरून?"

"झालं."

"मग आता आठ दिवस भुणभुण करू नकोस."

आमच्या लग्नातली ती एकच चाल ह्यांना ओळखू यायची, म्हणजे यायची असं ह्यांना वाटायचं. बँडनं कुठलंही संथ गाणं घेतलं की कोपरानं ढोसायचे, "हे आपलं ना?" बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असायचं. मी हो म्हणायची.

नोकरी संपल्यावर जळगावात घर घ्यायचं ठरलं. चांगल्या, शांत वस्तीत घर मिळत होतं. ह्यांनी पसंत केलं ते मंगल कार्यालयाच्या रस्त्यावरचं. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे सीझनमध्ये डोकं उठेल सगळ्यांचं." हे म्हणाले, "तुझ्या आईला स्कूटरवरून हिंडवणं आता मला झेपत नाही. वरातीच दारात आलेल्या बऱ्या." मग आम्ही ओट्यावर दोन खुर्च्या टाकून बसायचो. वरात आली की हे पेपर तोंडासमोर धरायचे आणि पेपरच्या मागून विचारायचे, "हे आपलं ना?"

ते थंडीत गेले. दुखणं फार नव्हतं, वय झालं होतं. त्याच्या आदल्या दिवाळीत थोरल्या नातवाला मुलगा झाला होता आणि ह्यांनी त्या तान्ह्याला मांडीवर घेऊन फोटो काढून घेतला होता. तेव्हापासून एकच थट्टा चालायची. "चला, पणतू पाहिला. आता मला वाजवत न्यायचं बरं का. आणि हिला गॅलरीत उभी करा, ही विचारेल नवरदेव कोठे शे." सगळे हसायचे. मीही हसायची, आणि म्हणायची, "माणसाला जरा चांगलं बोलता येत नाही."

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. माझे दीर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी ठरवून टाकलं की भावाला वाजवतच न्यायचं. मुलगा माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसला. म्हणाला, "आई, नानांनी बँड सांगितलाय. जुना माणूस आहे, त्याच्याकडे क्लॅरिनेट आहे. कोणतं वाजवायला सांगू?"

भजन सांग, म्हणायला हवं होतं. सगळे भजनच सांगतात. पण मला वाटलं, ह्या माणसानं मला इतक्या वराती ऐकवल्या, एक मी त्याला ऐकवते. मी त्या चालीचं नाव सांगितलं.

मुलानं परत विचारलं, "आई, नक्की?"

"नक्की. तुझ्या बापाला दुसरी कुठली ओळखू येणार आहे?"

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, दारातूनच निरोप. मी चौकट धरून उभी होते. बँड सुरू झाला. चांगलं वाजवलं हो त्यानं, उगाच कशाला नावं ठेवू. माणसं हलली, ह्यांना उचललं, गुलाल उडाला. आणि मग बँड निघाला. जन्मभर बँड माझ्याकडे येत आला होता. त्या दिवशी तो माझ्या दारातून लांब जायला लागला. आधी चाल नीट ओळखू येत होती. मग ढोल आणि क्लॅरिनेट एवढंच राहिलं. कार्यालयाच्या वळणावर ढोलही दिसेनासा झाला, म्हणजे ऐकू येईनासा झाला, आणि क्लॅरिनेट तेवढी उरली. मग वारा फिरला.

मी कान देऊन उभी राहिले. इतक्या वर्षांची सवय. वारा परत फिरेल आणि ती पुन्हा ऐकू येईल, जरा जवळ, मग आणखी जवळ. शेजारची म्हणाली, "अक्का, चला आत." मी म्हटलं, "थांब ना, ऐकू येतंय अजून." येत नव्हतं.

द्वारदर्शनाला येणारे लोक म्हणायचे, "काय थाटात गेले आबा! नशीब लागतं याला." मी दाराशी भिंतीला टेकून बसलेली असायची आणि मान हलवायची. खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडा गर्वही वाटला होता. आणि मधूनच ती म्हातारी आठवायची, फुलं चांगली टाकली म्हणणारी. ती अशीच टेकून बसली होती. तिच्या दारातून बँड लांब गेल्यावर तिला किती वेळ ऐकू येत राहिला, हे विचारायची बुद्धी तेव्हा मला कुठून असणार! माझं सगळं लक्ष तिचा राग गेला का याकडे.

उन्हाळ्यात पहिली वरात आली. मी सवयीनं ओट्यावर जाऊन बसले. एक खुर्ची सुनेनं आत नेली होती. चौकातून बँड येत होता, आवाज वाढत होता, हे कानांना कळत होतं. पण मला तो कमी होताना ऐकू येत होता. हे कसं सांगावं मला कळत नाही. ढोल अंगणाशी येऊन धडधडत होता, घोड्यावरचा पोरगा घामानं भिजलेला दिसत होता, आणि मला मात्र सगळं वळणावरून नाहीसं होताना ऐकू येत होतं. मी उठून आत आले.

मला वाटलं, त्या एका गाण्याचं असेल. म्हणून मी हट्टानं दुसऱ्या वरातींना बसले. त्यांनी आमची चाल वाजवली नाही, तिच्या जवळपासचीही नाही. हल्लीची धांगडधिंग्याची गाणी, जी ह्यांनी कधी ऐकलीही नव्हती. तरी तेच. मग एकदा नातवाच्या मोबाइलवर क्लॅरिनेट ऐकली, घरात कोणी नसताना, दार लावून, चोरून सिनेमा बघावा तशी. मोबाइल तर कुठे जात नाही ना, टेबलावर पडलेला. तोही लांब गेला.

मी मुलाला कधी काही बोलले नाही. त्यानं विचारलं होतं, सांगितलं मीच. ह्यांच्यासाठी वाजवायला लावलं असं म्हणते, पण त्या दिवशी ऐकणारं होतं कोण? मी एकटी. आमच्या दोघांची जी एक गोष्ट होती, ती मी माझ्या तोंडानं तिरडीवर ठेवून दिली, आणि तिच्यामागोमाग सगळ्या वराती गेल्या. आणि घर कार्यालयाच्या रस्त्यावर! हौसेनं घेतलेलं!

मग मी युक्त्या शोधल्या. खिडकी तर लावायचीच. शिवाय चौकात बँड वाजला की मिक्सर सुरू करायचा. त्यामुळे लग्नसराईत आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी कधी संपत नाही.

धाकट्या नातीचं, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीचं, धुळ्याला लग्न ठरलं. शेतीवाल्यांचं घर, मुलगा इंजिनियर. ठरल्या दिवशीच तिनं जाहीर केलं, "बँड नको. सनईची रेकॉर्ड लावा." कारणं भराभर दिली. गोंगाट होतो, ट्रॅफिक अडतं, मागासलेलं वाटतं. मला वाटलं, आजकालच्या पोरी. बरंच झालं, मनात म्हटलं. मनात तर मी पेढेही वाटले.

आठवड्यानं धुळ्याहून फोन आला. नवऱ्या मुलाची आजी. माझ्याच वयाची, आणि माझ्याच माहेरची बोली बोलणारी, विहिणीला याहीन म्हणणारी.

"याहीन, एक इचारस, राग नको धरू. मना एकच नातू शे. त्याले काय मुका घोडावर बसाडू?"

मी म्हटलं, "अहो, पोरीची फॅशन आहे."

"फॅशन नही. नातूनी माले बठ्ठं सांगं. बँड वाजना की आजीले तरास व्हस, म्हने." मग म्हणाली, "तरास व्हत व्हई ते ऱ्हाऊ दे. मी काही बोलाव नही. फक्त इचारं."

मी फोन ठेवला. म्हणजे ही पोरगी माझ्यासाठी स्वतःची वरात मुकी करायला निघाली होती. आणि तिकडे त्या बाईनं नातवाच्या जन्मापासून ज्या दिवसाची वाट पाहिली, तोही माझ्यापायी मुका होणार होता. मी नातीच्या खोलीत गेले. ती कपडे आवरत होती.

"तुला कोणी सांगितलं मला त्रास होतो?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे?"

"मग?"

"आजी, मे महिन्यात मिक्सर लावून तू डोळे मिटून उभी असतेस. चटणीचं पार पीठ होतं."

"मला पीठच आवडतं."

"आजी!"

"हे बघ, तुझ्या आजोबांनी मला जन्मभर परक्यांच्या वरातींना नेलं आणि घरच्या वरातीला बँड नाही? लोक काय म्हणतील, म्हातारा गेला आणि म्हातारी कंजूष झाली."

"तुला ऐकवेल?"

"न ऐकवायला काय झालं? कार्यालयाच्या दारात मी उभी राहणार, ओवाळणार, आणि त्यांना सांगणार, अजून वाजवा."

"खोटं बोलतेस."

"बँड असेल तर मी धुळ्याला येते. नसेल तर इथेच बसते चटणी करत. काय ते ठरव."

ती आधी रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ठीक आहे. पण पप्पांना सांगते, ते गाणं नाही वाजवायचं."

"कोणतं गं?"

"मला माहीत आहे, आजी."

धुळ्याला ऊन नुसतं ओतत होतं. आम्ही मुलीकडच्या बायका ओवाळणीचं ताट घेऊन कार्यालयाच्या फाटकात उभ्या होतो. बँड म्हणजे आता गाडी असते, स्पीकर लावलेली, आणि माइकवर एक पोरगा अहिराणी गाणी म्हणतो. क्लॅरिनेट नव्हतीच. ती वाजवणारे आता फारसे राहिले नाहीत म्हणे. मला वाटलं, सुटले. पण नाही. क्लॅरिनेटचा प्रश्न कधी नव्हताच.

वरात जवळ येत गेली. बँडवाल्यांनी पावरीचा ठेका धरला. आदिवासी भागातून आलेला हा ठेका, त्यावर सगळे एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगेनं नाचतात. रांगेच्या टोकाला मुलाची आजी, पदर खोचलेला, चष्मा घामानं घसरलेला. मला बघून तिनं हात हलवला, "ये वं याहीन!" मी लटक्या रागानं डोळे मोठे केले. ती आणखी जोरात नाचली. तिच्या तोंडावर जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. कधीकाळी ते माझ्याही तोंडावर असायचं.

मी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत नात उभी, मुंडावळ्या बांधलेली. तिला सगळ्यांनी आत बसायला सांगितलं होतं. ती नवरदेवाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणून मी ताट सुनेच्या हातात दिलं आणि टाळ्या वाजवायला लागले. हसून वाजवल्या. मान डोलावली. माइकवाल्या पोराला हातानं खूण केली, अजून, अजून. मधूनमधून वर बघायची, तिला दिसतंय ना म्हणून. ढोल माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबला होता. त्याचा हादरा छातीत बसत होता. आणि मला मात्र तो कुठेतरी लांब, एका वळणावर, विझत चाललेला ऐकू येत होता. मी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मुलाच्या आजीच्या पायांकडे बघत राहिले, निदान ठेका तरी चुकू नये.

लग्न छान झालं. मला आनंद झाला का? नात बोहल्यावर उभी राहिली, जावई चांगला आहे, त्याची आजी तर सोन्यासारखी आहे, याचा झाला. बँडचा नाही झाला. पूर्वी हे दोन आनंद मला वेगळे काढताच आले नसते. पण कोणाला कळलं नाही असं मला वाटलं. एवढं नाटक जमलं म्हणून पाठवणीपर्यंत मी स्वतःवर खूशही होते.

पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझा मुलगा लहान पोरासारखा रडला. ती गाडीत बसणार तेवढ्यात परत फिरली, माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी माझे तळवे धरले. ते अजून लाल होते. तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाली,

"आजी, तुझी एकही टाळी ठेक्यावर पडली नाही. मी वरून बघत होते. झालं माझं लग्न, आता हात खाली ठेव."